तीन संगणकांचं एक घर: अपडेट अडवलेले, युटिलिटी मोकाट

ताईचा फोन आला तो लॅपटॉपच्या वाय-फायसाठी. झाकण मिटून पुन्हा उघडलं की नेट गायब, रिस्टार्ट केलं की परत हजर. "एकदा येऊन बघ, नाहीतर सरळ फॉरमॅट मारून दे," ती म्हणाली. हे नोव्हेंबर २०२५ च्या मध्यातलं. एका लॅपटॉपसाठी गेलो आणि दोन दिवस घरातल्या तिन्ही संगणकांपाशी बसलो. काय सापडलं, काय ठरवलं आणि माझं काय चुकलं ते सगळं लिहून काढतो आहे. थोड्याफार फरकाने हेच चित्र मी बऱ्याच घरांत पाहिलं आहे.

घरात भाऊजींचा डेस्कटॉप आहे: सहाव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर, विंडोज १०, त्यावर हिशेबाचा प्रोग्रॅम आणि वर्षानुवर्षांचे कागद. ताईचा लॅपटॉप विंडोज ११ वर, ती त्यावरून शिकवण्या घेते. तिसरा भाचीचा लॅपटॉप, तोही विंडोज ११, डिझाइनच्या प्रोजेक्टांनी भरलेला. तिघांचीही तक्रार एकच होती, संगणक स्लो झालाय आणि अपडेट त्रास देतात.

कशालाही हात लावण्याआधी मी एका कागदावर प्रत्येक मशीनसाठी दोन गोष्टी लिहिल्या. शेवटचं सुरक्षा अपडेट कधी बसलं, आणि संगणक सुरू होताना विंडोजखेरीज आणखी कोण कोण सुरू होतं. पहिली सेटिंग्जमधल्या अपडेट हिस्टरीत दिसते, दुसरी टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप टॅबमध्ये. दहा मिनिटांचं काम. त्या कागदाकडे बघून घराची खरी अडचण कळली. डेस्कटॉपवर शेवटचं सुरक्षा अपडेट मार्च २०२४ मधलं होतं. भाचीच्या लॅपटॉपवर अपडेट पॉज केलेले होते. आणि ताईच्या लॅपटॉपवर संगणक वेगवान करतो, ड्रायव्हर (संगणकाचे भाग विंडोजशी जोडणारे प्रोग्रॅम) ताजे ठेवतो, रजिस्ट्री (विंडोजच्या नोंदींची वही) साफ करतो, रॅम मोकळी करतो असं सांगणारे चार मदतनीस प्रोग्रॅम, म्हणजे युटिलिटी, एकाच वेळी चालू होते. ज्याला विचारपूस न करता आत घ्यायचं त्याला दारावर थांबवलं होतं आणि ज्याची कसून चौकशी करायची तो थेट माजघरात जाऊन बसला होता.

सुरुवात डेस्कटॉपपासून केली, कारण धोका तिथे सगळ्यात मोठा होता.

भाऊजी अपडेटच्या विरोधात का गेले, याचं उत्तर त्याच हिस्टरीत सापडलं. जानेवारी २०२४ पासून एकच ओळ पुन्हा पुन्हा: केबी ५०३४४४१, अयशस्वी, ०एक्स८००७०६४३. भाऊजींनी तो आकडा तोंडपाठ केला होता. "दर वेळी डाउनलोड व्हायचं, दर वेळी फसायचं. शेवटी एकाने सांगितलं की ही छोटी युटिलिटी टाक, अपडेट कायमचे बंद होतात. टाकली. तेव्हापासून शांतता आहे."

या अपडेटची गोष्ट जरा नीट सांगायला हवी, कारण सगळं त्यातच अडकलं होतं. ते ९ जानेवारी २०२४ ला आलं. विंडोजचा जो छोटा दुरुस्तीचा भाग डिस्कच्या वेगळ्या कप्प्यात, म्हणजे रिकव्हरी पार्टिशनवर असतो, त्यातली एक फट ते बुजवत होतं. संगणक हाती लागलेल्या माणसाला त्या फटीतून बिटलॉकरचं, म्हणजे विंडोज डिस्कवरच्या माहितीला लावतं ते, कुलूप ओलांडता आलं असतं. ते बसायला रिकव्हरी पार्टिशनमध्ये २५० मेगाबाइट मोकळी जागा लागत होती आणि असंख्य जुन्या संगणकांवर ती नव्हतीच. त्यात भर म्हणजे पडद्यावर येणारा आकडाही चुकीचा होता. जागा कमी आहे असा संदेश यायला हवा होता, त्याऐवजी ०एक्स८००७०६४३ हा इन्स्टॉल फसल्याचा मोघम आकडा येत होता. तो शोधत गेलं की भलतेच उपाय हाती लागायचे. हे सगळं पुढे अधिकृतपणे जाहीर झालं, पण घरी संगणक वापरणारा माणूस अशी टिपणं वाचायला जात नाही आणि त्याला त्याबद्दल बोल लावण्यात अर्थ नाही.

मी भाऊजींना दोन गोष्टी दाखवल्या. पहिली, त्यांच्या डेस्कटॉपवर बिटलॉकर चालूच नव्हतं. ज्या कुलपाची फट बुजवायची ते कुलूपच दाराला नाही, म्हणजे हे एक अपडेट न बसल्याने त्यांचं काहीही बिघडत नव्हतं. ते सोडून द्यायला पूर्ण हरकत नव्हती. दुसरी, त्याच यादीत त्या लाल ओळीच्या वर-खाली जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चची मासिक सुरक्षा अपडेट व्यवस्थित बसलेली होती. फसणारं एक अपडेट बाकीच्यांच्या वाटेत येत नव्हतं. पण युटिलिटीने बंद करताना सगळंच बंद केलं. एप्रिल २०२४ ते ऑक्टोबर २०२५ असे १९ मासिक हप्ते या मशीनपर्यंत आलेच नाहीत.

भाऊजींचा दुसरा आक्षेप जास्त दमदार होता. "गेल्या वर्षी त्या अपडेटमुळेच जगभर निळे पडदे आले ना? विमानं थांबली होती." १९ जुलै २०२४ ची ती घटना खरी आहे. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक तेव्हा कोलमडले. पण ते विंडोज अपडेट नव्हतं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या प्रोग्रॅमची एक सदोष फाइल होती आणि तो प्रोग्रॅम विंडोजच्या अगदी गाभ्यात, ड्रायव्हरच्या पातळीवर चालत असल्यामुळे पूर्ण संगणक घेऊन पडला. म्हणजे त्या घटनेतून घरच्या माणसाने घ्यायचा धडा भाऊजींनी घेतला त्याच्या उलट आहे: गाभ्यापर्यंत पोहोचणारा बाहेरचा प्रोग्रॅम घेताना दहादा विचार करावा.

सुरक्षा अपडेट लांबवण्याबद्दल मी नेहमी २०१७ चं उदाहरण देतो. वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या किड्याने ज्या फटीतून जगभर संगणक कुलूपबंद केले, त्या फटीचं अपडेट १४ मार्च २०१७ ला आलं होतं आणि हल्ला झाला १२ मे रोजी. मधे ५९ दिवस होते. ज्या चालू विंडोजवर ते अपडेट बसलेलं होतं, त्यांत तो किडा या वाटेने शिरू शकला नाही. भाऊजींचा डेस्कटॉप १९ महिने मागे होता. हे ऐकल्यावर ते काही बोलले नाहीत, फक्त खुर्ची मागे सरकवून मला जागा करून दिली.

काम या क्रमाने केलं. आधी हिशेबाचा फोल्डर आणि सगळी कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर घेतली आणि त्यातल्या दोन-तीन फाइली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिल्या. न उघडून पाहिलेला बॅकअप मी बॅकअप मानत नाही. मग ती युटिलिटी. अशी युटिलिटी थेट अनइन्स्टॉल केली तर तिने केलेले बदल मागे तसेच राहतात. विंडोज अपडेटची सर्व्हिस बंदच राहते आणि मग कारणच सापडत नाही. म्हणून आधी तिच्याच खिडकीत जाऊन अपडेट पुन्हा चालू करा हा पर्याय दाबला, मग ती काढली, मग सर्व्हिसेसच्या यादीत जाऊन विंडोज अपडेटसमोर 'डिसेबल्ड' राहिलेलं नाही याची खात्री केली. राहिलं होतं. हाताने 'मॅन्युअल' केलं.

१९ महिन्यांचं थकलेलं काम एकामागून एक करावं लागेल अशी भाऊजींना भीती होती. तसं नसतं. महिन्याचं अपडेट क्युम्युलेटिव्ह असतं, म्हणजे ताज्यात मागचं सगळं सामावलेलं असतं. संध्याकाळभरात दोन रिस्टार्ट झाले आणि मशीन ऑक्टोबर २०२५ पर्यंत आलं.

पण ऑक्टोबर २०२५ हीच विंडोज १० ची वेस आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा आधार संपला, आणि सहाव्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या मान्य यादीत नाही. यादीला बगल देऊन विंडोज ११ बसवण्याच्या युक्त्या आहेत. ज्या मशीनवर घरचा सगळा हिशेब आहे तिथे मी ती केली नाही. घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेटची योजना आहे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. तिच्यात फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात, नवं काही नाही. त्यासाठी विंडोज १० ची २२एच२ ही आवृत्ती लागते आणि मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन करावं लागतं. पैसे भरायचे नसतील तर सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्यात ठेवण्याचा मार्ग आहे. भाऊजी आजवर स्थानिक खात्यावरच होते आणि खातं जोडायला नाराज होते. नाराजी रास्त होती, आपल्या यंत्रात शिरायला दुसऱ्याचं खातं का लागावं हा प्रश्न मलाही पडतो. तरी वर्षभराची सुरक्षा हातची घालवण्याइतका तो प्रश्न मोठा नाही असं मी स्पष्ट सांगितलं. त्यांनी रात्रभर विचार केला आणि सकाळी स्वतःच नोंदणी केली.

ताईच्या लॅपटॉपवर वेगळीच गत होती. विंडोजची अपडेट वेळेवर बसलेली, २४एच२ आवृत्ती, सगळं हिरवं. बिघाड आला होता तो मदत करायला आलेल्या प्रोग्रॅमांतून.

वाय-फायचं कारण अर्ध्या तासात सापडलं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वाय-फायच्या नावावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ड्रायव्हर. ड्रायव्हरची तारीख पाहिली आणि ताईला विचारलं की त्रास कधी सुरू झाला. जवळपास तोच आठवडा. ड्रायव्हर अपडेट करणाऱ्या युटिलिटीने 'जुना ड्रायव्हर सापडला' म्हणून चिपचा सर्वसाधारण नवा ड्रायव्हर टाकला होता. लॅपटॉप बनवणाऱ्याने त्या मॉडेलसाठी, त्याच्या झोपेच्या आणि वीज वाचवण्याच्या पद्धतीला जुळवून दिलेला ड्रायव्हर त्याखाली गेला होता. आकड्याने नवा म्हणजे त्या मशीनसाठी योग्य, असं ड्रायव्हरच्या बाबतीत होत नाही. 'रोल बॅक ड्रायव्हर' दाबलं. नशिबाने ते बटण जिवंत होतं. आधीचा ड्रायव्हर जपलेला नसेल तर ते करडं पडलेलं असतं आणि मग लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून मॉडेल नंबर टाकून ड्रायव्हर आणावा लागतो. ताईला म्हटलं, आता झाकण मिट, दोन मिनिटं थांब, उघड. असं दहा वेळा केलं. दहाही वेळा नेट हजर होतं.

ड्रायव्हरबद्दल माझी भूमिका तेव्हापासून आणखी पक्की झाली आहे. यंत्र नीट चालत असेल तर ड्रायव्हर बदलायचा नाही. विंडोज अपडेटच्या 'ऑप्शनल अपडेट्स'मध्ये ड्रायव्हर दिसतात, तेही बिघाड असेल तरच घ्यावेत. ग्राफिक्सचा ड्रायव्हर हा अपवाद, तोही खेळ किंवा डिझाइनचं काम असणाऱ्यांसाठी. आणि ड्रायव्हर शोधून देणारी वेगळी युटिलिटी घरच्या संगणकावर मुळीच नको.

रजिस्ट्री साफ करणाऱ्या प्रोग्रॅमने ताईला १,३०० हून अधिक 'चुका' दाखवल्या होत्या आणि ती खरंच घाबरली होती. त्या चुका म्हणजे काढून टाकलेल्या प्रोग्रॅमांच्या उरलेल्या नोंदी. लाखो नोंदींच्या वहीत हजारभर रिकाम्या ओळी असल्याने संगणक हळू होत नाही, पण त्या खोडताना एखादी कामाची ओळ गेली तर विंडोज नव्याने टाकायची वेळ येऊ शकते. मायक्रोसॉफ्टचं अधिकृत धोरणही हेच आहे की अशा क्लीनरना त्यांचा पाठिंबा नाही. काढला. रॅम मोकळी करणाराही काढला. चौथ्याने एसएसडीवर दर आठवड्याला डिफ्रॅग (फाइलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावणं) लावून ठेवला होता, ज्याची एसएसडीला गरज नसते. विंडोजचं स्वतःचं 'ऑप्टिमाइझ ड्राइव्हज' डिस्कचा प्रकार ओळखून योग्य ते करतं. जागा मोकळी करायला विंडोजचंच स्टोरेज सेन्स आहे. अँटिव्हायरसची मुदत संपलेली ट्रायलही पडून होती, ती काढल्यावर विंडोजचा डिफेंडर पुन्हा कामाला लागला.

आता फर्मवेअर, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणारा मशीनमधलाच प्रोग्रॅम. ऑप्शनल यादीत ताईच्या लॅपटॉपचं फर्मवेअर अपडेट दिसत होतं. चालत्या मशीनच्या फर्मवेअरला मी सहसा हात लावत नाही, पण इथे घ्यायचं ठरवलं. सुरू होताना फक्त खात्रीचाच प्रोग्रॅम चालू देणाऱ्या सिक्युअर बूटची २०११ मधली प्रमाणपत्रं जून २०२६ पासून मुदतबाह्य होत जाणार आहेत. नवी प्रमाणपत्रं विंडोज अपडेटमधून येतात, आणि काही मशीनांवर ती नीट बसायला आधी फर्मवेअर ताजं असावं लागतं. मुदत उलटली म्हणून लॅपटॉप बंद पडणार नाही, पण सुरू होण्याच्या टप्प्यातल्या पुढच्या सुरक्षा दुरुस्त्या त्याला मिळणार नाहीत.

फर्मवेअर बदललं की कधीकधी कुलपाची किल्ली सांभाळणाऱ्या टीपीएम चिपला मशीन ओळखीचं वाटत नाही आणि सुरू होताना निळ्या पडद्यावर बिटलॉकरची रिकव्हरी की मागितली जाते. ताईला तिच्या लॅपटॉपवर असं काही कुलूप आहे हेच माहीत नव्हतं. विंडोज ११ मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केलं की पुष्कळ लॅपटॉपांवर डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं आणि की त्या खात्यात जाऊन बसते. मी तिला तिच्या फोनवरून खात्यात जायला सांगितलं. दोन कीज निघाल्या, एक आधीच्या लॅपटॉपची. कोणती कुठली हे की आयडीच्या पहिल्या आठ अक्षरांवरून जुळवलं. मग ताईने डायरी काढली आणि ४८ अंकी की लिहायला घेतली, सहा-सहा अंकांचे आठ गट. ती लिहायची, मी फोनवरून मोठ्याने वाचायचो, मग ती वाचायची आणि मी पडताळायचो. पाचव्या गटात ६ चा ९ झाला होता. तो खोडून तिने गट पुन्हा लिहिला. चार्जर लावून, बिटलॉकर तात्पुरतं थांबवून अपडेट केलं. निळा पडदा आलाच नाही. पण अपडेट कोणतं घ्यायचं या सगळ्या चर्चेआधी घरच्या माणसाने काय करावं असं कुणी विचारलं, तर मी हेच सांगेन: आज, सगळं चालू असताना, ही की शोधून कागदावर लिहून ठेवा.

भाचीचं प्रकरण लवकर आटोपलं. "मामा, सबमिशन तोंडावर आहे, मी पाच आठवड्यांचा पॉज लावलाय. आणि फीचर अपडेटने लोकांच्या फाइली उडाल्या होत्या म्हणे?" उडाल्या होत्या. ऑक्टोबर २०१८ चं मोठं अपडेट त्यासाठीच थांबवून नोव्हेंबरात पुन्हा सोडलं गेलं. पण ते तेव्हा वर्षातून दोनदा येणारं आवृत्तीचं अपडेट होतं, दर महिन्याचं सुरक्षेचं नव्हतं. पॉजचं बटण मात्र हा फरक करत नाही, ते दोन्ही अडवतं. तिची आवृत्ती २४एच२ होती, जिला ऑक्टोबर २०२६ पर्यंत आधार आहे. म्हणून पुढच्या २५एच२ आवृत्तीसाठी घाई नव्हती. मी पॉज काढला, ११ नोव्हेंबरचं सुरक्षा अपडेट बसवलं, आणि २५एच२ समोरचं डाउनलोडचं बटण सबमिशन होईपर्यंत दाबायचं नाही असं ठरलं. वर 'नवे अपडेट येताच मिळवा' असा एक स्विच असतो, तोही बंद केला. त्या स्विचमुळे महिन्याच्या शेवटी येणारे प्रिव्ह्यू, म्हणजे पुढच्या अपडेटची आधीची झलक, लवकर येऊन पडतात, आणि त्यातलं बहुतेक सगळं पुढच्या महिन्याच्या अपडेटमध्ये मिळतंच.

तिच्याकडे युटिलिटी कमी होत्या, पण एक जुनी होती. दाबून बांधलेल्या फाइली उघडणाऱ्या विनरारची तीन-चार वर्षांपूर्वी टाकलेली आवृत्ती. विनरार स्वतःहून अपडेट होत नाही, आणि त्यातल्या ज्या फटींतून प्रत्यक्ष हल्ले झाले त्यांपैकी एक २०२३ मध्ये ६.२३ आवृत्तीत बुजवली गेली, दुसरी जुलै २०२५ मध्ये ७.१३ मध्ये. डिझाइनच्या फाइली दिवसभर झिपा-रारमध्ये येत असतात, तिथे ही जुनी आवृत्ती म्हणजे उघडी खिडकी. विंडोज ११ आता रार आणि सेव्हन-झिप फाइली स्वतः उघडतं. तिला तेवढं पुरेसं होतं, म्हणून विनरार काढलं. ज्यांना ते लागतं त्यांनी निदान आवृत्ती ताजी ठेवावी. बाकीचे प्रोग्रॅम टर्मिनलमध्ये 'विनगेट अपग्रेड' ही आज्ञा देऊन तपासले, सहा जुने निघाले. संगणक अपडेट आहे असं म्हणताना आपण फक्त विंडोजचं बघतो, हे सहा त्यात येतच नाहीत.

माझी चूक ताईच्या लॅपटॉपवर झाली. साफसफाईच्या भरात मी लॅपटॉपच्या कंपनीचीच एक युटिलिटीही फुकटचा भार समजून काढली. आठवड्याने ताईचा फोन आला: बॅटरी पूर्वी ८० टक्क्यांवर थांबायची, आता १०० पर्यंत जाते, आणि मायक्रोफोन बंद करणारं बटण चालत नाही. शिकवणीत तिला ते बटण सतत लागतं. दोन्ही गोष्टी त्या युटिलिटीमार्फत चालत होत्या. कंपनीच्या साइटवरून ती परत टाकायला लावली आणि तिच्या सेटिंगमध्ये ८० ची मर्यादा पुन्हा लावून घेतली. तेव्हापासून मी काही काढण्याआधी त्या माणसाला विचारतो की रोज कोणती बटणं दाबतोस, कोणती सोय वापरतोस, आणि एक रिस्टोअर पॉइंट (बिघडलं तर मागे जायची खूण) करून एका वेळी एकच प्रोग्रॅम काढतो. चार एकदम काढले की कशामुळे काय थांबलं ते कळत नाही.

जानेवारीत पुन्हा तिन्ही याद्या पाहिल्या. डेस्कटॉपवर नोव्हेंबर, डिसेंबर आणि जानेवारीची सुरक्षा अपडेट बसलेली होती. ताईचं वाय-फाय एकदाही गेलं नव्हतं. भाचीने सबमिशननंतर २५एच२ घेतलं, एका रिस्टार्टमध्ये झालं. प्रश्न उरला आहे तो डेस्कटॉपचा. १३ ऑक्टोबर २०२६ नंतर तो नेटवर ठेवायचा नाही एवढं ठरलं आहे. हिशेबाचा प्रोग्रॅम विंडोजशिवाय चालत नाही, म्हणून तो नव्या मशीनवर न्यायचा की जुनं मशीन नेट तोडून फक्त हिशेबापुरतं ठेवायचं, यावर भाऊजींचं आणि माझं अजून एकमत झालेलं नाही. तोवर हिशेबाचा फोल्डर दर शनिवारी बाहेरच्या डिस्कवर जातो. ते काम भाऊजींनी स्वतःकडे घेतलं आहे आणि प्रत्येक वेळी त्यातली एक फाइल भाचीच्या लॅपटॉपवर उघडून बघतात.